किंडल तेच राहू दे, फाइल बदला

पत्र असं आलंय:

"नमस्कार. मी साताऱ्याची, गेल्या वर्षी शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाले. मुलाने सहा इंची किंडल घेऊन दिलं. नेटवरून बरीच फुकट मराठी पुस्तकं उतरवून घेतली पण वाचता एकही येत नाही. ईपब फाइल्स केबलने टाकल्या तर किंडलवर दिसतच नाहीत. पीडीएफ दिसतात पण अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही पाच मिनिटांत डोळे दुखतात. शेजारच्या मुलाने एक पीडीएफ कन्व्हर्ट करून दिली तर आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी एक शब्द नाही. मुलगा म्हणतो आई, आपण कोबो घेऊ, त्यात ईपब थेट चालतं. घ्यावं का? आणि ओळखीच्या एकांनी दोन हजार मराठी पुस्तकांचा पेनड्राइव्ह दिलाय, तो वापरला तर चालेल का? चांगली फुकट पुस्तकं मिळतात तरी कुठे?"

ताई, नमस्कार. आधी मुलाला सांगा की कोबो घेऊ नकोस, निदान एवढ्यासाठी तरी नको. कोबो हे किंडलसारखंच दुसऱ्या कंपनीचं चांगलं मशीन आहे, त्यात ईपब केबलने टाकलं की उघडतं हेही खरं, पण तुमच्या तीन अडचणींपैकी फक्त पहिली त्याने सुटेल आणि ती पहिली तर आहे त्या किंडलवर आज संध्याकाळीच सुटण्यासारखी आहे, एक पैसा खर्च न करता. बारीक अक्षर कोबोवरही बारीकच दिसणार आणि ती इंग्रजी अक्षरांची गिचमिड कोबोवरही गिचमिडच राहणार, कारण ते दोन्ही दोष फाइलमधले आहेत, मशीनचे नाहीत.

पहिलं ईपबचं बघू. ई-बुकच्या फाइलचा हा फॉरमॅट २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं स्टँडर्ड म्हणून आला आणि त्याच वर्षी किंडलही आलं, पण ॲमेझॉनने २००५ मध्ये मोबीपॉकेट नावाची फ्रेंच कंपनी विकत घेतलेली होती, त्यामुळे त्यांनी त्या कंपनीचा मोबी फॉरमॅट धरला आणि पुढे त्यातूनच स्वतःचे एझेडडब्ल्यू वगैरे काढले. म्हणून आजही किंडलमध्ये ईपब केबलने टाकलं तर फाइल आत जाते, जागा खाते, पण लायब्ररीत दिसत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.

२०२२ पासून मात्र ॲमेझॉनची 'सेंड टू किंडल' नावाची जी सोय आहे ती ईपब घेते. आपण फाइल त्यांच्याकडे पाठवायची, ते ती किंडलला समजेल अशा रूपात बदलतात आणि वायफायवरून तुमच्या मशीनवर उतरवतात. तुमच्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता फोनवरून. फोनमध्ये किंडलचं ॲप टाका, ज्या अकाउंटवर तुमचं किंडल आहे त्याच अकाउंटने लॉगिन करा (मुलाच्या नावावर असेल तर त्याच्या, हे विचारून घ्या, बऱ्याच घरांत घोळ इथेच होतो). मग डाउनलोड झालेली ईपब फाइल दाबून धरायची, शेअर करायचं, व्हॉट्सॲपला फोटो पाठवताना जशी यादी येते तशीच येईल त्यात किंडल निवडायचं, झालं. किंडल वायफायला लावून ठेवा, थोड्या वेळात पुस्तक लायब्ररीत येतं. नाही दिसलं तर वरचा फिल्टर फक्त विकत घेतलेल्या पुस्तकांवर आहे का ते बघा, कारण अशी पाठवलेली पुस्तकं डॉक्युमेंट म्हणून येतात.

कॉम्प्युटर असेल तर ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल पानावर फाइल नुसती ओढून टाकली तरी चालते, २०० एमबीपर्यंत. ईमेलनेही जातं, प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो, पण त्यात ५० एमबीची मर्यादा आहे आणि तुमचा स्वतःचा ईमेल अकाउंटच्या सेटिंगमध्ये आधी मंजूर करून ठेवावा लागतो. तुम्ही फोनवरूनच करा.

कधीकधी ईपब पाठवल्यावर उलट ईमेल येतो की फाइल स्वीकारता आली नाही, एरर ई९९९ असं काहीतरी. घाबरू नका. बहुतेक वेळा त्या फाइलच्या आत बारीकसारीक बिघाड असतो. ईपब म्हणजे मुळात एक झिप फाइल असते, तिच्या नावातलं ईपब काढून झिप लिहिलं आणि उघडली तर आत प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, मुखपृष्ठाचं चित्र, अनुक्रमणिका असं सगळं सुटं दिसतं, आणि त्यातलं काही एकमेकांशी जुळलं नाही की ॲमेझॉनची यंत्रणा अडते. यावर उपाय कॅलिबर. हे कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कोविद गोयल या आपल्या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केलेलं आणि आज जगभर ई-बुक वाचणारे वापरतात, मला त्याचं खरंच कौतुक वाटतं. त्यात ती ईपब फाइल घालून पुन्हा ईपबमध्येच कन्व्हर्ट करायची, ऐकायला विचित्र वाटेल पण आतली मांडणी नव्याने होते आणि मग ती जाते. शेजारच्या मुलाकडे बहुधा कॅलिबर असेलच, कारण तुमची पीडीएफ त्याने त्यातच कन्व्हर्ट केली असणार.

आता त्या पीडीएफकडे येऊ, कारण मराठी वाचकाची खरी अडचण ही आहे आणि इंग्रजीतले ई-बुकचे सल्ले वाचून ती सुटत नाही. तिकडे ईपब की मोबी, किंडल की कोबो एवढंच बोलतात कारण त्यांच्या फाइलमध्ये अक्षरं ही अक्षरंच असतात. आपल्याकडे फाइल पीडीएफ आहे एवढं कळून काहीच कळत नाही, तिच्या आत काय आहे ते बघावं लागतं.

बघायची युक्ती सोपी आहे. पीडीएफ फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये पेस्ट करा, पाठवू नका नुसतं बघा. तीनपैकी एक काहीतरी होईल. ओळ मराठीत उमटली तर फाइल युनिकोडमध्ये आहे. ओळ सिलेक्टच होत नसेल, बोट फिरवलं तरी निळं काही होत नसेल, तर ते स्कॅन आहे, म्हणजे पानापानाचा फोटो. आणि ओळ सिलेक्ट झाली पण पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस असलं काहीतरी आलं तर ती जुन्या फॉन्टमधली फाइल. तुमच्या शेजाऱ्याने कन्व्हर्ट केली ती ही तिसरी.

हे का होतं ते सांगते, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला आवडेल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, म्हणजे 'क' चा स्वतःचा नंबर ठरलेला आहे, जगात कुठल्याही मशीनवर तो क च. पण आपल्याकडे पुस्तकं लावली जायची पेजमेकरवर, त्याला देवनागरी युनिकोड कळायचं नाही, म्हणून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांनी वेगळाच मार्ग काढला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. फाइलच्या आत अक्षर इंग्रजीच, फॉन्टने त्याला मराठीचं सोंग दिलेलं. पीडीएफमध्ये तो फॉन्ट सोबत बांधलेला असतो म्हणून पान छान दिसतं, कन्व्हर्ट करताना फॉन्ट गळून पडतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणून त्या मुलाने पुन्हा प्रयत्न केला तरी तेच होणार, फॉरमॅट कुठलाही निवडला तरी. एकेक चांगलं मराठी पुस्तक या कारणाने पीडीएफमध्ये अडकून पडलंय याचं मला फार वाईट वाटतं, आणि अजूनही काही ठिकाणी नवीन पुस्तकं अशाच फॉन्टांत लावली जातात.

युनिकोड निघालेली पीडीएफसुद्धा कन्व्हर्ट करताना जपून. पीडीएफमधून मजकूर काढताना पहिली वेलांटी आणि रफार हे हमखास जागा सोडतात, 'किती' लिहिलेलं 'िकती' होऊन येतं, वेलांटी आधीच कुठेतरी लटकते. प्रत्येक ओळीत असं एक-दोनदा झालं की वाचणं म्हणजे शिक्षा होते, आणि तुम्ही तर हातात लाल पेन घ्याल.

मग पीडीएफ वाचायचीच नाही का, तर वाचायची, पण कन्व्हर्ट न करता. आधी हे लक्षात घ्या की तुमच्या किंडलचा पडदा साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ उंच. ए-फोर पान २१ बाय २९.७. म्हणजे ए-फोरवर बनवलेली पीडीएफ किंडलवर पूर्ण दिसायची तर ती निम्म्याहूनही लहान करावी लागते, पानावर १२ पॉइंटचं अक्षर असेल तर ते ५ पॉइंटचं दिसतं, औषधाच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढं. यात चष्म्याचा दोष नाही. आणि पीडीएफमध्ये अक्षर मोठं करा हे बटण चालत नाही, पान आखलेलं असतं तसंच राहतं, नुसतं झूम होतं आणि मग प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवत बसायची.

किंडल आडवं करून वाचलं तर थोडा फरक पडतो, १२ सेंटिमीटर रुंदी मिळते, अक्षर ७ पॉइंटच्या आसपास जातं. त्याहून चांगला उपाय केटूपीडीएफऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. नाव अवघड आहे पण काम मोलाचं करतं. ते अक्षरं ओळखायच्या भानगडीत पडतच नाही, पानाचं चित्र घेतं, कडेचे पांढरे समास कापतं, ओळीतले शब्द चित्र म्हणूनच सुटे करतं आणि लहान पडद्यावर मावतील अशा नव्या ओळी लावून मोठ्या अक्षरातली नवी पीडीएफ देतं. त्यामुळे फॉन्ट श्रीलिपी असो की पान स्कॅन केलेलं असो, त्याला फरक पडत नाही. जोडाक्षरं तुटत नाहीत कारण ती चित्रंच आहेत. कवितेच्या ओळी आणि तक्ते मात्र विस्कटतात, तिथे नुसते समास कापायला सांगायचं. ही बनवलेली पीडीएफ किंडलमध्ये केबलने टाकली तरी दिसते. शेजारच्या मुलाला हे नाव द्या, अर्ध्या तासात त्याला जमेल.

आणि खूपच पीडीएफ वाचायच्या असतील तर कोबोचे पैसे एखाद्या दहा इंची टॅबमध्ये घाला. त्यावर ए-फोर पान सरळ वाचता येतं. रात्री डोळ्यांना किंडलच बरं, पण पीडीएफसाठी मोठा पडदा हाच खरा इलाज आहे.

आता फुकट पुस्तकं कुठे. सगळ्यात आधी मराठी विकिस्रोत. हे विकिपीडियाचं भावंडच, पण लेखांऐवजी अख्खी जुनी पुस्तकं आहेत, स्वयंसेवकांनी पानापानाचं स्कॅन बघून युनिकोडमध्ये टाइप केलेली आणि तपासलेली. जोतीराव फुले, साने गुरुजी अशांचं लेखन तिथे आहे. पुस्तकाच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं, ईपब निवडायचं, आणि वर सांगितलं तसं फोनवरून किंडलला पाठवायचं. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळतात, जोडाक्षरं जागच्या जागी. तुमची सुरुवात इथूनच करा, म्हणजे तुमचं किंडल किती चांगलं आहे ते तुम्हाला पहिल्यांदा दिसेल. आणि एक विनंती, तुम्ही मराठी शिकवत होतात की नाही ते पत्रात नाही पण शिक्षिका आहात म्हणून सांगते, तिथे मुद्रितशोधनाला माणसं फार कमी पडतात. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकदा तपासलं की पिवळं, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. दुपारी वेळ असेल तर रोज दोन पानं केलीत तरी ते पुस्तक पुढच्या माणसाला स्वच्छ ईपबमध्ये मिळतं.

ई साहित्य प्रतिष्ठान आहे, ते लेखकांच्या परवानगीने मराठी पुस्तकं फुकट वाटतात, पण बरीचशी पीडीएफमध्ये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची स्वतःची प्रकाशनं पीडीएफमध्ये आहेत, चरित्रं, कोश, भाषांतरं, अभ्यास करणाऱ्याला तिथे खजिना आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तुम्हाला माहीत असतीलच. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांची हजारो स्कॅन आहेत, शंभर वर्षांपूर्वीची मासिकंसुद्धा, पण तिथे एक सावध करते: स्कॅनशेजारी ईपब असंही लिहिलेलं दिसतं, ते मशीनने आपोआप बनवलेलं असतं आणि मराठीच्या बाबतीत वाचण्याच्या लायकीचं क्वचितच असतं. तिथून पीडीएफ घ्या आणि केटूपीडीएफऑप्टमधून काढा. इंग्रजी वाचत असाल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग, १९७१ पासून चालू आहे, सत्तर हजारांच्या वर पुस्तकं, बहुतेक सगळी ईपबमध्ये, आणि स्टँडर्ड ईबुक्सवर त्यातलीच निवडक पुस्तकं फार देखणी करून ठेवलेली आहेत. मराठीसाठी मात्र तिथे जाऊ नका.

पेनड्राइव्हचं. ताई, तो सरसकट वापरू नका असं मी स्पष्टच सांगते. सगळा टाकून द्या असं नाही, पण उघडून एकेक नाव बघा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. हरिभाऊ आपटे, गडकरी १९१९ मध्ये गेले, तेही मोकळे. पण अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०३० उजाडायला हवं. वि. स. खांडेकर १९७६, म्हणजे २०३७. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यांचं २०६१ ला. दोन हजार पुस्तकांच्या पेनड्राइव्हमध्ये नेमकी हीच आणि आज हयात असलेल्या लेखकांची पुस्तकं भरलेली असतात, हे मी पैजेवर सांगते. अजून एक बारकावा, ज्ञानेश्वरीच्या ओव्या कुणाच्याही मालकीच्या नाहीत पण एखाद्याने हल्ली लिहिलेला तिचा अर्थ आणि टीपा त्याच्या आहेत. भाषांतराचंही तसंच, मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वी गेला तरी भाषांतरकार कालपरवाचा असू शकतो.

मराठीत पुस्तक लिहून कुणाचं घर चालत नाही, आवृत्ती लहान असते, ती संपायला वर्षं लागतात, त्यात पीडीएफ गावभर फिरली की प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीला हात लावत नाही. मग ते पुस्तक बाजारातून जातं ते जातंच. नवीन लेखक वाचायचे असतील तर किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आहेत, २०१६ पासून आहेत, कितीतरी छापील पुस्तकापेक्षा स्वस्त. फक्त विकत घेतलेल्या पुस्तकाला बहुतेक वेळा कुलूप असतं, ते किंडलच्या मशीनवर आणि ॲपवरच उघडतं, कोबोवर जाणार नाही. मराठी ई-बुक विकणारी आपल्याकडची काही दुकानंही पुस्तक फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडू देतात, ते किंडलवर येत नाही, तेव्हा पैसे भरायच्या आधी कुठे वाचता येईल ते विचारून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्हाला खुपेल म्हणून सांगते. किंडलवर काही पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसत नाही. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला त्यात आपली वळणं ठरवून दिलेली आहेत, पण मशीनला ते कोण सांगणार. ईपबमध्ये भाषा हिंदी किंवा इंग्रजी अशी नोंदलेली असेल तर कॅलिबरमध्ये ती मराठी करा, आणि टिरो देवनागरी मराठी नावाचा फुकट फॉन्ट आहे, मराठी वळणाचाच, तो कन्व्हर्ट करताना पुस्तकातच बसवता येतो. मग एझेडडब्ल्यू३ फाइल करून केबलने टाका, ती केबलने चालते.

आणि किंडलला पाठवलेल्या प्रत्येक पुस्तकाची मूळ ईपब कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये वेगळी ठेवत चला, फाइलच्या नावात लेखक आणि पुस्तक दोन्ही मराठीत लिहून. ज्यांनी पूर्वी सगळं मोबीमध्ये साठवलं होतं त्यांना सेंड टू किंडलने मोबी घेणं बंद केल्यावर सगळं पुन्हा कन्व्हर्ट करत बसावं लागलं. ईपब ठेवलेल्यांना काहीच करावं लागलं नाही, आणि उद्या मुलाने हट्टाने कोबो आणलंच तर त्यावरही हेच फोल्डर चालेल.